नऊ बार आणि बोअरचं पाणी

खानदेशात कॉफी ही लग्नात प्यायची गोष्ट. हिवाळ्यातली तिथी असली की मंडपाच्या कोपऱ्यात, पानाच्या स्टॉलशेजारी, गॅसवर तापणारा एक स्टीलचा बॉयलर मांडलेला असतो आणि त्याला बाहेर आलेली एक वाकडी नळी. पोरगा जगमध्ये दूध, साखर, इन्स्टंट कॉफीची पावडर घालतो, नळी आत खुपसतो, फुर्रर्र आवाज होतो, फेस काठापर्यंत येतो, वरून कोकोची चिमूट. पाटीवर ‘एक्स्प्रेसो कॉफी’. मला ती आवडते, आजही मी रांगेत उभा राहून दोन कप घेतो, आणि तिला नावं ठेवणाऱ्या कॉफीशौकिनांशी माझं फारसं जमत नाही. पण खरं सांगायचं तर एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून दाबानं गरम पाणी ढकलून काढलेली कॉफी, आणि त्या यंत्रात तिचं निम्मंच अंग आहे. वाफ आहे, दाब नाही.

गंमत अशी की इटलीतही सुरुवात वाफेनंच झाली. तुरीनच्या आंजेलो मोरियोन्दोनं १८८४ साली पेटंट घेतलं, मिलानच्या लुईजी बेझ्झेरानं १९०१ साली. दोघांचीही यंत्रं बॉयलरमधल्या वाफेच्या जोरावर पाणी कॉफीतून ढकलायची. तो जोर जेमतेम दीड बारचा; एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब. दाब वाढवायचा म्हणजे तापमान वाढवायचं, आणि तापमान वाढलं की कॉफी करपट. ही गाठ सुटायला बरीच वर्षं गेली. आखिले गाज्जियानं १९३८ साली दट्ट्याचं पेटंट घेतलं, आणि युद्धानंतर त्याची दांड्याची, स्प्रिंगवाली मशीन आली तेव्हा दाब आणि उष्णता या दोन गोष्टी पहिल्यांदा वेगळ्या झाल्या. कपावर तो बदामी साय असल्यासारखा थर, क्रेमा, तेव्हापासून दिसू लागला. मग १९६१ साली फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेन्तेनं दांडा ओढायची मेहनतही काढून टाकली आणि विजेचा पंप लावला. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीत खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, इटालियनमधल्या ग्रहणाचं आद्याक्षर घेऊन मॉडेलचं नाव पडलं ई-६१. साठ वर्षं उलटून गेली तरी अनेक घरगुती सेमी-कमर्शियल मशीनच्या तोंडावर तोच ई-६१ चा ग्रुप, म्हणजे जिथून गरम पाणी कॉफीवर पडतं तो भाग, असतो: पितळेचा, वर क्रोमचा मुलामा, चार किलोच्या आसपास वजनाचा, बाजूला दांडा.

असलंच एक मशीन भुसावळला आमच्या ओट्यावर आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, जाहिरात व्हायला नको. सेमी-कमर्शियल म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी सांगतो की हॉटेलातल्या मशीनचे सुटे भाग घेऊन ते घरच्या ओट्यावर मावेल अशा पेटीत बसवलेत. तसा त्याचा नियम कुठे लिहिलेला नाही. पण झाकण उघडलं की कळतं. आत बॉयलर तांब्याचा किंवा स्टेनलेसचा, दीड-दोन लिटरचा. नळ्या तांब्याच्या, जोड सगळे नटाचे. पान्यानं उघडतात, पान्यानं बसतात. पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायचा तो दांड्याचा वाडगा, हॉटेलाच्याच मापाचा, ५८ मिलिमीटरचा, आणि हातात घेतला की मनगटाला कळावं इतका जड. पुढे दोन काटे: एक बॉयलरचा दाब दाखवतो, दुसरा पंपाचा. मशीन एकट्यानं उचलायचं धाडस करू नये. कंबर आपली आहे.

ते आलं तेव्हा बघायला सगळी गल्ली येऊन गेली. शेजारचे नानाही आले. नाना दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर होते, तिथूनच रिटायर झाले. बाकीच्यांनी पुढून पाहिलं, चकाकी पाहिली, किंमत विचारली. नानांनी चष्मा लावला आणि आधी मागे गेले.

‘‘सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे याचा?’’

दाखवला. बॉयलरच्या डोक्यावर, साधारण पावणेदोन-दोन बारला उडणारा.

‘‘आणि हे काय?’’

ते व्हॅक्यूम ब्रेकर. मशीन थंड असताना उघडं असतं, तापायला लागलं की आतली हवा त्यातूनच बाहेर जाते आणि वाफ धरली की टिचकन बंद होतं. बंद केल्यावर बॉयलर गार होताना आत पोकळी होऊ नये, नाहीतर स्टीमच्या नळीतून जगमधलं दूध उलटं बॉयलरमध्ये ओढलं जाईल, म्हणून ते पुन्हा उघडतं. नाना खूश झाले. मग सरळ टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं.

‘‘पाणी कोणतं घालून राह्यला रे भो?’’

कॉफी कोणती, ग्राइंडर कोणता, हे त्यांनी विचारलंच नाही. या मशीनबद्दल इतक्या लोकांनी मला इतकं काही विचारलंय, पण नेमका प्रश्न तो एकच होता. त्याकडे येतोच. आधी आतली रचना.

माझं मशीन हीट एक्स्चेंजरचं आहे. ज्यांच्या घरी कधी तांब्याचा बंब होता त्यांना हे समजायला वेळ लागत नाही. बंबात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. इथे उलटं: भोवती बॉयलरचं सव्वाशेच्या जवळ तापलेलं पाणी, आणि त्यातून आरपार गेलेल्या नळीत कॉफीचं ताजं, गार पाणी. बॉयलर वाफेसाठीच. १.२ बारवर आतलं पाणी सुमारे १२३ अंशांवर असतं, त्यानं कॉफी केली तर लग्नातल्या पोरालाही लाज वाटेल. कॉफीला लागतात ९० ते ९६ अंश. म्हणून टाकीतलं पाणी त्या नळीतून पळत पळत जातं, जाता जाता हवं तेवढंच तापतं आणि ग्रुपवर येतं. एकाच बॉयलरवर दूधही होतं, कॉफीही होते, एकदमच.

ग्रुप गरम कसा राहतो, हा त्यातला सगळ्यात देखणा भाग. नळीपासून ग्रुपपर्यंत दोन पाइप जातात, एक वर, एक खाली. तापलेलं पाणी हलकं, ते वरच्या पाइपनं ग्रुपमध्ये चढतं. पितळ उष्णता खातं, पाणी जड होतं, खालच्या पाइपनं परत उतरतं. पंप बंद, कुणाचा हात नाही, तरी पाणी फिरत राहतं. काट्यावर दाब दहा-बारा मिनिटांत दिसतो, पण ते चार किलो पितळ तापायला अर्धा तास लागतो, आणि घाईच्या माणसानं हे मशीन घेऊ नये याचं खरं कारण हे आहे. किंमत हे नंतरचं कारण.

दांड्याला तीन जागा. खाली असताना बंद. मधल्या जागी पाण्याची वाट उघडते पण पंप लागत नाही. नळाला जोडलेल्या मशीनमध्ये नळाच्याच दाबानं कॉफी हळू भिजावी म्हणून ती सोय. टाकीवाल्या मशीनला तिचा फारसा उपयोग नाही, तरी बरेच जण तिथे दांडा धरून गंभीर चेहरा करतात. पूर्ण वर नेला की पंप सुरू होतो. ग्रुपच्या पोटात एक छोटी कोठी आहे, स्प्रिंगवाली, ती आधी भरते, त्यामुळे पूर्ण दाब एकदम आदळत नाही. काम झालं, दांडा खाली आणला, की उरलेला दाब खालच्या नळीतून फस्सकन ट्रेमध्ये जातो. तो गेला नाही आणि पोर्टाफिल्टर उघडला, तर गरम चोथा अंगावर. साध्या स्वस्त मशीनमध्ये ही वाट नसते.

बराच वेळ मशीन नुसतं तापत राहिलं की नळीतलं पाणी शंभराच्या पुढे जातं. मग पहिल्यांदा दांडा उचलला की पाणी येतच नाही, फुत्कार येतो, थेंब तडतडत उडतात, वाफेचा लोट. काही क्षणांनी आवाज बदलतो, तडतड थांबते आणि धार सरळ, गप्प पडू लागते. तिथे थांबायचं आणि मग पोर्टाफिल्टर लावायचा. १८ ग्रॅम कॉफी, कपात ३६ ग्रॅमच्या आसपास, २५ ते ३० सेकंद. बाकी सगळं वादविवादासाठी.

ही सगळी गणितं युरोपातल्या स्वयंपाकघराची आहेत, हे मात्र मे महिन्यात कळतं. तिथे टाकीतलं पाणी वीस अंशांचं. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा टाकीतलं पाणी दुपारी चाळिशीला असतं, रात्रभर घर निवत नाही तर पहाटेही कोमटच. आत जातानाच पाणी तापलेलं, म्हणजे बाहेर येताना जास्त तापलेलं. उन्हाळ्यात मी प्रेशरस्टॅटचा, म्हणजे बॉयलरचा दाब ठरवणाऱ्या स्विचचा, स्क्रू थोडा सोडून बॉयलरचा दाब खाली आणतो, पाणीही जास्त वेळ सोडतो. डिसेंबरात पहाटे थंडी दहा-बारा अंशांवर येते तेव्हा उलटं. डबल बॉयलरवाल्यांना हे करावं लागत नाही. त्यांच्याकडे कॉफीचा बॉयलर वेगळा, वाफेचा वेगळा, आणि पीआयडी नावाचा कंट्रोलर तापमान अंशाच्या आसपास धरून ठेवतो. पुण्यात डबल बॉयलर ही चैन असेल, भुसावळात तिची गरज सिद्ध करता येते. तरी मी घेणार नाही. दुप्पट बॉयलर म्हणजे क्षार बसायला दुप्पट जागा.

हिवाळ्यात मशीनचा आणखी एक उपयोग आहे, तो कुठल्याच माहितीपत्रकात नाही. वर कप तापवायला जी जाळी असते तिच्यावर चौघडी फडकं टाकून आई विरजणाचं भांडं ठेवते. कॉफी ती पीत नाही. ‘‘कडू काढा’’ म्हणते. पण दही लागतं म्हणून मशीनविषयी तिचं मत वाईट नाही.

आता पंप. जाहिरातीत ‘१५ बार’, ‘२० बार’ असे आकडे छापलेले असतात आणि लोक मोटारीचा हॉर्सपॉवर विचारावा तसे ते विचारतात. कॉफीला लागतात नऊ बार. पंपाची कमाल ताकद पंधरा असली तरी एक ओव्हरप्रेशर व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंगचा, तो जादाचं पाणी टाकीत परत पाठवतो. त्याचा स्क्रू फिरवून नऊवर आणायचं असतं. हे नऊ बार म्हणजे किती? रावेरकडे माझे मामा केळीवाले. त्यांना बार सांगून उपयोग नव्हता. ‘‘नव्वद मीटर हेड’’ म्हटल्यावर मामा दचकलेच. तीनशे फूट उंच पाण्याचा भार, ५८ मिलिमीटरच्या चकतीवर. ‘‘आन् पंप केवढा?’’ मुठीएवढा. व्हायब्रेशन पंप: तांब्याच्या तारेची गुंडाळी, आत छोटा दट्ट्या, विजेच्या प्रत्येक फेऱ्याला एक धक्का, म्हणजे सेकंदाला पन्नास. म्हणूनच तो घरघरतो. रोटरी पंप वेगळ्या मोटारीवर चालतो, आवाज नाही, टिकतो जास्त, थेट नळाला जोडता येतो. इथे नळाला कोण जोडणार? आपला नळ रोज येत नाही आणि बोअर जोडायचा विचारही करू नये. इकडच्या माणसानं टाकी आणि व्हायब्रेशन पंप घ्यावा. बिघडला तर नवा स्वस्तात येतो आणि बदलायला पाना-पेचकस पुरतो.

आणि हो, अमेरिकेतल्या भाच्याकडून मशीन मागवू नका. तिथलं १२० व्होल्टचं, ६० हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज जुळेल, हर्ट्झ जुळत नाहीत, आणि त्या पंपाची सगळी चाल हर्ट्झवर.

व्होल्टेजचं म्हणाल तर आपल्याकडे तेही एक प्रकरण आहे. शिवारात मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा मंदावतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे १८० झाले तर व्होल्टेज पाचवा हिस्साच उतरलं असं वाटतं, पण १४०० वॅटचा हीटर साडेआठशेवर येतो. दूध फेसाळताना काटा डोळ्यांदेखत खाली सरकतो आणि पंपाचाही दम जातो. म्हणून माझी कॉफी पहाटेची. साडेपाचला मशीन लावायचं, सहाला कॉफी, सातच्या आत बंद. त्यानंतर उन्हाळ्यात स्वयंपाकघरात ती जादा शेगडी कुणालाच नको असते.

तर, पाणी.

नानांनी बोट जिभेला लावलं ते उगाच नव्हतं. कॉलनीतल्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम ते दाखवणाऱ्या मीटरवर, हजाराला टेकतं. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा. कठीणपणा २०० पर्यंत चांगला, ६०० पर्यंत नाइलाजाचा. कॉफीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं टीडीएस १५० च्या आसपास धरलाय, ७५ ते २५० मध्ये. म्हणजे जे पाणी आपण निमूट पितो ते मशीनला विष. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुनखडी बसते. हीटरवर, नळीत, ग्रुपच्या जेटमध्ये. त्या जेटचं छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं.

नानांचं म्हणणं पुढचं होतं. ‘‘वाफ जाते, क्षार जात नाही. तू दूध तापवतो तितकी वाफ गेली, टाकीतून तितकं पाणी आत आलं, त्याच्यातला क्षार मागच्यात मिळाला. आमच्याकडे ड्रममधून ब्लोडाउन काढायचो, म्हणजे ते दाट झालेलं पाणी थोडं सोडून द्यायचो. तुझ्याकडे सोय आहे का?’’ आहे. गरम पाण्याचा नळ सरळ वाफेच्या बॉयलरमधून येतो. लोक त्याचा चहा करतात किंवा अजिबात वापरत नाहीत. नाना म्हणाले, रोज मोठा ग्लासभर काढून टाकत जा, आतलं पाणी पातळ राहतं. ग्राहकाला हे कुठलाच विक्रेता सांगत नाही. त्यांना स्वतःलाही माहीत नसावं, असा माझा संशय आहे.

सोपा उपाय म्हणून सगळे आरओचं पाणी घालतात. जारचं पाणी घरोघर आहेच. पण बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखणारी धातूची काडी असते, प्रोब, आणि ती ओळखते विजेवरून. पाणी काडीला टेकलं की क्षारांमुळे बारीकसा प्रवाह वाहतो आणि मशीनला कळतं, भरलं. पाण्यात क्षारच नसतील तर प्रवाह नाही. बॉयलर काठोकाठ भरला तरी मशीनला वाटतं रिकामाच आहे, पंप भरतच राहतो आणि शेवटी स्टीमच्या नळीतून गरम पाणी येतं. शिवाय क्षार नसलेल्या पाण्याची कॉफी सपक लागते आणि असं भुकेलं पाणी धातूही खातं. नानांच्या बॉयलरला मात्र डीएम पाणीच लागायचं, क्षारमुक्त. पण तिथे त्या पाण्याचा पीएच सांभाळायला आख्खी केमिस्ट्रीची लॅब होती. इथे मी आणि आई.

मग आरओ आणि बोअर मिसळायचं? इथे मामा कामाला आले. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या पट्ट्यात, पाणी दरसाल खाली जातंय, आणि ज्याच्या केळीला ड्रिप आहे त्याला पाण्याचा रिपोर्ट वाचावाच लागतो. मामांनी मीटर बघून तोंड वाकडं केलं. ‘‘हे फक्त किती ते सांगतं. काय ते नाही सांगत.’’ खरंच आहे. टीडीएस मीटर वीजवाहकता मोजतो, चुना आहे की मीठ आहे हे त्याला कळत नाही. शेतीच्या प्रयोगशाळेत बाटली दिली की ईसी, पीएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, क्लोराईड असं सगळं वेगळं लिहून येतं, मिलीइक्विव्हॅलंटमध्ये. त्यातल्या कठीणपणाच्या किंवा क्षारतेच्या आकड्याला पन्नासनं गुणलं की कॉफीवाल्यांचं माप. आमच्या बोअरला बायकार्बोनेटही जास्त निघालं आणि क्लोराईडही. मामांनी क्लोराईडवर नख ठेवलं. चुना ॲसिडनं काढता येतो. ते स्वतः हंगामात लॅटरलमधून, म्हणजे ड्रिपच्या नळ्यांतून, ॲसिड सोडतात, ड्रिपरच्या तोंडाशी साचलेली पांढरी खपली विरघळते. क्लोराईड मात्र काहीच दाखवत नाही, खपली धरत नाही, आणि स्टेनलेस स्टीलला हळूहळू खड्डे पाडतं. मिसळायचा बेत तिथेच रद्द.

आता मी आरओच्या लिटरभर पाण्यात दशांश ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट टाकतो. कॅल्शियम नाही म्हणून खपली नाही, क्षारता पन्नासच्या घरात म्हणून पाणी आम्लाकडे जात नाही, आणि प्रोबला विजेपुरता क्षार मिळतो. द्राक्षवाले भुरीवर फवारतात ती हीच पावडर, फक्त खाण्याच्या दर्जाची घ्यावी. डिस्केलिंगच्या, म्हणजे खपली विरघळवायच्या, पुड्या घेऊन ठेवल्या होत्या त्या तशाच पडल्यात. जुन्या मशीनला मी डिस्केलिंग करूच नका म्हणेन: खपली सुटते, पूर्ण विरघळत नाही आणि जेटमध्ये जाऊन अडकते. उघडून साफ केलेलं बरं.

मशीन घेणाऱ्याला एवढंच सांगेन की पैसे कमी असतील तर मशीन हलकं घ्या, ग्राइंडर हलका घेऊ नका. नऊ बारसमोर जाडबारीक दळलेली कॉफी टिकत नाही, पाणी एका बाजूनं भोक पाडून निघून जातं. बिया चिकमगळूरच्या येतात. चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, आपल्याच सातपुड्यात, इथून पूर्वेला, पण ती इकडे सहज मिळत नाही याची खंत आहे.

मध्यंतरी ग्रुपमधलं रबर कडक होऊन गळायला लागलं. वापरानं होतंच. जळगावच्या एमआयडीसीत पाइपवाल्यांना, डाळमिलवाल्यांना आणि चटईवाल्यांना रिंगा पुरवणारं एक दुकान आहे, तिथे नमुना घेऊन गेलो. दुकानदारानं कॅलिपर लावला: बाहेरून ७३, आतून ५७, जाडी साडेआठ. कडेला तिरपा काप पाहून मान हलवली. स्टीमच्या व्हॉल्व्हला लागणाऱ्या सिलिकॉनच्या ओ-रिंगा त्याच्याकडे होत्या, डेअरीवाले नेतात त्याच, त्या दिल्या. ‘‘हे मोठं मुंबईहून मागवा भाऊ. आन् एक नका मागवू.’’ मी पाच मागवली. पाचवं त्याच्याकडे आहे, तो साचा करून बघणार आहे.